घागरीला घातलेली माळ

शेवंते, दाराला कुलूप तू लावलंस, मी नाही. मला ते लावता येईना. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून बाहेरून कुलूप लावायची पाळीच आली नव्हती, कोण ना कोण आत असायचंच. कुलूप नवीन, माझ्या लेकाने, दिगूनेच जामसंड्याहून आणलेलं. तू ते लावलंस, एकदा ओढून बघितलंस आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलीस. म्हणालीस, "किल्ली माझ्या गळ्यात आसा, वयनी. काय काळजी करू नको." दिगू रिक्षात बसून होता. डोळे पिवळे, पोट थोडं पुढे आलेलं, मांडीवर कपड्यांची पिशवी. तो घराकडे बघत नव्हता. खाली किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते, तिकडे बघत होता.

शेवंता म्हणजे माझी धाकटी जाऊ, शेजारच्या घरातली. हे मी तिला लिहितेय, पण ती एकटी वाचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मिठबावच्या सगळ्या बायकांनी ऐका. आणि इथे पुण्यात माझ्यासारख्या ज्या गाव सोडून आल्यात त्यांनी पण. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर लागतं, शुद्ध-अशुद्ध कळत नाही. बोली पण आता अर्धी तिकडची, अर्धी इकडची झालीय.

जामसंड्याहून पुण्याच्या गाडीत बसलो, दिगूच्या इलाजासाठी. घाट चढताना दिगूला ओकारी झाली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तो म्हणत होता, "आये, उगाच चललंव. बापाशीक खंय नेलेलंव?" खरं होतं. त्याच्या बापाला कुठेच नेलं नव्हतं. त्यांच्या मनगटावर तापल्या सळीचा डाग दिला, डोक्यावर काविळीची माळ ठेवली, माळ उतरली, कावीळ गेली. काही वर्षांनी पोटात पाणी झालं आणि माणूस गेला. तेव्हा आम्ही म्हटलं, पाण्याचं दुखणं वेगळं. कावीळ आणि ते पाणी एकाच रोगाची आहेत हे सांगणारा तेव्हा कोणी भेटला नाही.

पुण्यात खोली मिळाली ती मच्छीबाजाराच्या मागे. वास ओळखीचा म्हणून घेतली. पण तो आपला वास नव्हे. बर्फात आठ-आठ दिवस पडलेल्या माशाचा वास तो. मला एका गाळ्यावर मासे साफ करायचं काम मिळालं. आपल्याकडे मी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचे, भाव करताना बायका शिव्या घालायच्या, मी पण घालायचे, मग पाणी द्यायच्या. इथे गिऱ्हाईक मोबाईलवर ऑर्डर टाकतं. मी काटे काढते, पीस करते, पाकीट बंद होतं. खाणारा कोण, मला माहीत नाही. पहिला महिना मी माशांशीच बोलायचे. गाळ्यावरची पोरं हसायची. मग ती पण बोलायला लागली माझ्याशी, आजी म्हणून.

हॉस्पिटलात रक्त काढलं तेव्हा निघालं ते असं: दिगूच्या रक्तात काविळीचा विषाणू होता, बी नावाचा. आजचा कालचा नव्हे, जन्मापासूनचा. मग माझं पण रक्त घेतलं. माझ्यात पण तोच. माझ्याकडून त्याला गेला, बाळंतपणात. मला कुठून आला ते देवाला माहीत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आई, यात तुमचा काही दोष नाही. मी म्हटलं, दोषाचं राहू दे, औषध काय ते सांगा.

औषध म्हणजे रोज एक गोळी. कावीळ दिसो न दिसो, बरं वाटो न वाटो, रोज. त्याने विषाणू जात नाही, दबून राहतो. लिवर आधीच दगडासारखं झालेलं, आता ते आहे तेवढं सांभाळायचं. मॅडम शांतपणे, सावकाश बोलायच्या. त्यांनी दिगूच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "ही गोळी माझ्याशिवाय कोणी सांगितलं तरी बंद करायची नाही." दिगू हो म्हणाला.

त्या मॅडमचं दुसरं एक काम होतं. वरच्या मजल्यावर लॅबमध्ये त्या लोकांच्या रक्तातल्या पेशी तपासायच्या. आम्हा दोघांचं रक्त त्यांना हवं होतं, आईचं आणि मुलाचं, कारण विषाणू तोच आणि माणसं दोन. आम्ही सही केली. दिगूने विचारलं, यात बघता काय? मॅडमनी सांगितलं ते मी तेव्हा अर्धं समजले. नंतर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, म्हणून आता नीट सांगू शकते.

आपल्या रक्तात रोगाला मारणाऱ्या पेशी असतात. टी पेशी म्हणतात त्यांना. साधा ताप आला तर त्या उठतात, मारतात, काम संपलं की निवांत होतात. पण रोग वर्षानुवर्षं घरातच मुक्काम करून बसला तर त्यांना निवांतपणा मिळत नाही. रोज तोच समोर. मग त्या दमतात. मरत नाहीत, जागेवरच असतात, पण आधी वाढायचं थांबवतात, मग एकेक काम सोडतात, शेवटी मारायचं सोडतात. आणि दमलेली पेशी ओळखायची कशी, तर तिच्या अंगावर खुणा येतात. त्या खुणांना नावं आहेत, पीडी-वन, टिम-थ्री, लॅग-थ्री. एकच खूण असली तर दमली असं म्हणता येत नाही, कामावर असलेल्या पेशीवर पण ती येते. पण दोन-तीन खुणा एकाच पेशीवर बसल्या, आणि काम पण होईना, तर समजायचं, दमली.

दिगूने विचारलं, "माझ्या दमल्यात?"

मॅडम म्हणाल्या, बऱ्याचशा. आणि आईच्या? आईच्या कमी. आईच्या पेशींनी विषाणूला दाबून ठेवलंय, गोळीशिवाय. असं का, ते अजून नीट माहीत नाही, तेच तर शोधतोय.

दिगू माझ्याकडे वळून हसला. "बघ आये. तुझ्यो दांडग्यो, माझ्यो आळशी. बापाशीवर गेल्यो."

मी म्हटलं, माझ्यातल्या थोड्या काढून ह्याला घाला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, तसं होत नाही आई.

मग दिगूनेच विचारलं की त्या खुणा पुसायचं इंजेक्शन नाही का. मॅडम म्हणाल्या, तसली औषधं आहेत, कॅन्सरला देतात. पण त्या खुणा नुसत्या खुणा नाहीत, ते ब्रेक पण आहेत. शरीराने स्वतःच लावलेले, लढता लढता आपलंच लिवर जळू नये म्हणून. तुझ्या लिवरमध्ये आता ते सोसायची ताकद नाही, तिथे ब्रेक काढणं धोक्याचं. मॅडम पुढे म्हणाल्या, दमलेल्या म्हणजे निकामी नव्हेत. थोडं तरी धरून असतात. त्या अजिबात नसत्या तर याहून वाईट झालं असतं.

हे ऐकताना मला माझा बापूस आठवला. तो रापणीवरचा. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांना सांगते, होडीतून जाळं समुद्रात गोल टाकून आणतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून गाव ओढतो. कधी पाण्याला उलटी ओढ असली की अर्धा दिवस जातो. बापूस वाळूकडे बघून सांगायचा, कोण ओढतोय आणि कोण नुसता धरून उभा आहे. ओढणाऱ्याच्या टाचा वाळूत रुततात, दमलेल्याचं पाऊल सपाट पडतं. पण त्याने दमलेल्याला कधी दोरावरून हाकललं नाही. माझी पाळी आली की मला म्हणायचा, "दोर सोडू नको गो. हात ढिलो पडलो तरी चलात." आणि वाटा सगळ्यांना द्यायचा, सपाट पावलाच्यांना पण. मी हे दिगूला खाली येताना सांगितलं. तो म्हणाला, आजोबाक लॅबमध्ये ठेवूक होयो होतो.

वर्षभर गोळी चालली. पोटातलं पाणी ओसरलं. दिगू गाळ्यावर बर्फ फोडायच्या कामाला लागला, मग हिशोबाला बसायला लागला. लग्न जमलं नव्हतंच, आता तो विषय पण कोणी काढत नव्हतं. रविवारी आम्ही दोघं बसून भात आणि बांगड्याचं तिखलं खायचो. त्यातलं तिरफळ तू पाठवलेलं, शेवंते. डबा उघडला की खोलीत थोडा वेळ मिठबाव यायचं. दिगू तो डबा लगेच बंद करायचा, वास संपेल म्हणून.

तरी तो सुकत होता. पोटाने नव्हे, मनाने. मला दिसायचं. नारळी पौर्णिमा जवळ आली तसा म्हणायला लागला, "रापणीक माणसा कमी आसत. काका बोलवतत." मी म्हटलं ओढायचं नाही. तो म्हणाला नाय ओढीत, नुसतो बसतंय. गोळ्या पिशवीत भरून दिल्या. तो गेला. मी कामामुळे राहिले.

आता पुढचं तुला माहीत आहे शेवंते, पण तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने सांगते.

तुला त्याच्या डोळ्यांत जरा पिवळं दिसलं. त्याच्या लिवरची स्थितीच तशी होती, कधी पिवळे, कधी कमी. तू काय करणार? तुला जे येतं ते केलंस. परसातली पुनर्नव्याची मुळं काढलीस, नखाएवढे तुकडे केलेस, सासूने आपल्या दोघींना शिकवलेली ती सैल गाठ मारत माळ गुंफलीस आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवलीस. मला माहीत आहे तू कशी करतेस. मध्ये बोलत नाहीस, थुंकी गिळत नाहीस. पंचक्रोशीतले लोक तुझ्याकडे येतात आणि तू कोणाकडून एक सुपारी पण घेत नाहीस. आणि माळ अंगावर असेपर्यंत दुसरं औषध पोटात जायचं नाही, हे पथ्य. ते पण सासूनेच सांगितलेलं. ते दिगूने पाळलं.

मला फोनवर म्हणाला, "काकीन माळ घातल्यान. गळ्यात इली." मग म्हणाला छातीवर आली, मग कमरेखाली. आवाजात किती आनंद होता. मी गोळी विचारली तर हूं म्हणाला. ते हूं मी हो समजले. माळ पायांतून बाहेर पडली, तू ती नारळाच्या मुळात टाकलीस, डोळे पांढरे दिसायला लागले, आणि त्याने गोळी परत चालू केलीच नाही. कावीळ तर उतरली, मग गोळी कशाला? माझ्या नवऱ्याच्या वेळी मी पण हेच म्हटलं असतं. आपल्या अंगणात वाढलेला कोणीही हेच म्हणाला असता.

दोर तो ओढत होता म्हणे. त्याच्या काकांनी, म्हणजे भावजींनी सांगितलं.

मग तुझा फोन आला. "वयनी, दिग्याचे डोळे हळदीसारखे झालेत. तू ये." मी गाडीत असतानाच त्याला जामसंड्याहून कुडाळला आणि तिथून गोव्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा तो मला ओळखत होता, पण मधेच दुसरंच काही बोलायचा. बोटीतल्या कोणाला तरी सांगत होता, डाव्या बाजूक घे. मग माझ्याकडे बघून अगदी शुद्धीवर म्हणाला, "आये, माळ उतरलेली गो. पायापर्यंत उतरलेली."

त्यानंतर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

पुण्यात परत आले तेव्हा मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं काय झालं ते. गोळी बंद झाल्यावर दबलेला विषाणू एकदम वर आला. गोळीच्या वर्षभरात दमलेल्या पेशींत थोडी धुगधुगी आली होती, त्यांनी तो बघितला आणि उरलंसुरलं बळ एकदम लावलं. ते लिवरला झेपलं नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे सगळ्यांनी एकदम दोर ओढला आणि जाळंच फाटलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. माझं अजून आलेलं नाही.

दिवसकार्यासाठी मी घरी होते तेव्हाचं सांगते. कुलूप तू काढलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. तू मागच्या परसात बसून पुनर्नव्याची रोपं मुळासकट उपटत होतीस, पावसाच्या चिखलात, हात रक्ताळेपर्यंत. नळावर बायका बोलल्या ते तू ऐकलंस. शेवंतेच्या माळेने पोर खाल्लं, असं. मी पण ऐकलं. मी तेव्हा काही बोलले नाही कारण माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. निघताना कुलूप पुन्हा तूच लावलंस. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. भावजी घेतात, म्हणतात ती बाहेर गेलीय.

आता माझ्याकडे बोलायला आहे.

इथे गाळ्याच्या मागे गटाराच्या कडेला पुनर्नवा वाढतो, खूप वाढतो, कोणी बघत नाही त्याच्याकडे. एक दिवस मी मुळं काढली. घरी आणून धुतली, तुकडे केले, तीच गाठ मारली. मला वाटलं हात विसरले असतील, पण नाही विसरले. माळ झाली. आणि ती मी खोलीतल्या पाण्याच्या घागरीच्या गळ्यात घातली. अगदी घट्ट, वरून खाली सरकणार नाही अशी. रिकामीच घागर.

दुसऱ्या दिवशी माळ जरा सैल. मग घागरीच्या पोटावर आली. मग पोटाखाली. मुळं वाळत होती, बारीक होत होती, आणि गाठीतला दोरा सुटत सुटत लांब होत होता. मी कामावर जाताना बघायचे, येताना बघायचे. शेवटी ती फरशीवर पडली होती, घागरीच्या भोवती, अगदी जशी दिगूच्या पायांत पडली असेल तशी.

घागरीला कावीळ नव्हती शेवंते.

मी फरशीवर बसून राहिले. सासू खोटं बोलली नाही, तिच्या सासूने पण नाही. माळ खरंच उतरते. कोणाच्याही अंगावरून उतरते. साधी कावीळ आपोआप जाते, तेव्हा माळेला मान मिळतो. दिगूची आपोआप जाणारी नव्हती. तू त्याला मारलं नाहीस, आणि माळेने तारलं पण नसतं. माळ फक्त वाळली. नळावरच्या बायकांनो, तुम्ही पण घागरीला घालून बघा आणि मग बोला.

आता एक मागणं. तुझ्याकडे लोक अजून येतात, भावजी म्हणाले. तू नाही म्हणतेस तरी येतात. त्यांना माळ घाल हवी तर, मी अडवत नाही, माणसाला कोणाचा तरी हात डोक्यावर लागतो. पण पथ्याचं ते तोंडातून काढू नको. डॉक्टरची गोळी चालू असेल तर चालूच ठेवा, असं सांग. आणि रक्त तपासल्याशिवाय कोणाच्या डोक्यावर हात ठेवू नको. तुझ्या शब्दावर ते जातील, डॉक्टरच्या जाणार नाहीत. आणि आधी तुझं रक्त तपासून घे, भावजींना तपासायला लाव. माझ्या नवऱ्याला आणि भावजींना डाग एकाच सळीने दिलेला, एकाच सकाळी, एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं पण असेल. मला ती सकाळ आठवते.

लोक विचारतात, तू आता पुण्यात कशाला राहतेस, कोण आहे तुझं तिथे? मी काय सांगू? दिगूचं रक्त अजून वरच्या मजल्यावर आहे. छोट्या छोट्या नळ्यांत, मोठ्या फ्रीजरमध्ये, मासे ठेवतो त्याच्यापेक्षा कितीतरी थंड. मॅडम म्हणाल्या, त्यातल्या पेशी बाहेर काढल्या तर अजून जिवंत असतात. खुणांसकट. मी विचारलं, दमलेल्याच? त्या म्हणाल्या, हो, दमलेपण आत मुरलेलं असतं, जात नाही सहज. मी तिथे रक्त द्यायला जाते तेव्हा त्या फ्रीजरच्या दारावरून हात फिरवते. मॅडम बघतात आणि बघितलं नाही असं करतात. नवऱ्याची राख मिठबावच्या पाण्यात, पोराची पण. पण पोरगा थोडा हय पण आसा. असं दोन ठिकाणी फाटलेलं माझं घर.

माझ्या पेशींवर पण आता खुणा वाढल्यात, परवाच सांगितलं त्यांनी. वय झालं. मला गोळी चालू केलीय. मी ती रोज घेते, सकाळी, माशांकडे जायच्या आधी.

मी येतेय शेवंते, गणपतीच्या आधी. नंतर पुण्याला परत जाईन, पण येतेय. जामसंड्याला उतरून रिक्षा करीन, रापणीकडे न बघता वर चढेन. किल्ली मागायला येत नाही. ती तुझ्या गळ्यात आहे, तिथेच राहू दे. एवढंच कर की मी अंगणात पोचेन तेव्हा तू तिथे अस.

दार तूच उघड गो.